धुतलेल्या चकत्या

३ फेब्रुवारी

बारक्या,

पत्राच्या पहिल्या ओळीत खुशाली लिहायची असते म्हणून लिहिते. इकडे सगळं ठीक आहे.

नऊ महिने झाले. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. आईच्या फोनवरून लावला तर "हां आई, बोल" म्हणतोस आणि माझा आवाज ऐकला की कट. पन्नाशी उलटलेला, नव्वद किलोचा माणूस तू, पण रुसतोस अजून सात वर्षांच्या पोरासारखा. म्हणून हा पत्राचा उद्योग. पत्राला आवाज नसतो, तेव्हा तुला कट करता येणार नाही.

मागच्या मे महिन्यात दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तुला जे बोलले ते बोलायला नको होतं. बोलले ते बोलले, पण डॉक्टरांच्या देखत बोलले, हे जास्त वाईट. तू म्हणत होतास, चालतेय ना ती, हळू का होईना, चौऱ्याहत्तराव्या वर्षी खुब्याचं हाड कापून धातू कशाला घालायचा? आणि मी म्हटलं, "तुला काय कळतं त्यातलं, जन्मभर लेथवर लोखंड कापत बसलास." तू पाणीसुद्धा न पिता निघून गेलास. पण तूही काही कमी बोलला नव्हतास. "ताईला कुणी चूक दाखवली की तिच्या अंगावर पाल पडते" हे तुझंच वाक्य. मी विसरलेले नाही.

आई चालते. घरातल्या घरात, भिंतीला हात लावून. संध्याकाळी मांडीला थोडी सूज येते. ऑपरेशननंतर वर्षभर असं राहतं म्हणतात. रविवारी तुझा फोन येतो तेव्हा ती खुर्चीत ताठ बसून बोलते ते मात्र बघण्यासारखं असतं. फोन ठेवला की आडवी होते.

माझं काम तसंच. निवृत्तीला दोन वर्षं राहिली. तू एकदा विचारलं होतंस, ताई, तू त्या प्रयोगशाळेत नेमकं करतेस काय? तेव्हाही मी म्हणाले होते, तुला नाही कळणार. किती वेळा म्हणाले असेन हे मी तुला! आता सांगते.

माणसाच्या अंगात जो धातू बसवायचा, त्याच्या शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्या आमच्याकडे येतात. आम्ही त्या एका लालसर पाण्यात बुडवून अंगाच्या उबेइतक्या उबेत तीन दिवस ठेवतो. त्या पाण्यावर पेशी जगतात, म्हणून त्याला आम्ही पेशींचं जेवण म्हणतो. मग ते पाणी जिवंत पेशींवर घालतो. पेशी मूळच्या एका उंदराच्या. उंदीर मरून कैक वर्षं झाली, पेशी अजून वाढताहेत. मी दर दोन दिवसांनी त्यांना खायला घालते. पाणी घातल्यावर एका दिवसाने सूक्ष्मदर्शकातून बघायचं, किती जगल्या, किती मेल्या. काही झालं नाही तर शून्य. सगळ्या मेल्या तर चार. आमच्याकडे शून्य म्हणजे पैकीच्या पैकी. तुला शाळेत असताना ही पद्धत आवडली असती.

उत्तर पाठव. शिव्या घातल्यास तरी चालेल.

ताई

२४ फेब्रुवारी

बारक्या,

इकडे सगळं ठीक आहे.

पहिलं पत्र परत आलेलं नाही, म्हणजे पोचलं.

आईच्या मांडीवरच्या टाक्यांच्या वरच्या टोकाला एक बारीक तोंड पडलंय. मुगाएवढं. त्यातून पिवळसर पाणी येतं. मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी ते धुते. तुला माहितीये माझा हात, मी एकदा धुतलं की त्यावर कुणी शंका घ्यायची नाही. आई म्हणते, "तू मला भांड्यासारखी घासतेस." म्हटलं, तूच शिकवलंस. लहानपणी आपण बाजारातून काहीही आणलं, नवीकोरी पाटीसुद्धा, तरी ती धुतल्याशिवाय घरात घेऊ द्यायची नाही. आठवतं? तुझा नवा भोवरा तिने धुतला आणि त्याचा रंग गेला. दोन दिवस रडत होतास.

डॉक्टरांनी ते पाणी तपासायला घेतलंय. काळजीचं काही नाही. औषध चालू आहे.

रविवारी तू आईला विचारलंस, "जिने चढतेस का?" ती म्हणाली, "अरे, दोन दोन पायऱ्या." मी समोर उभी होते. तिने मला डोळ्यांनी दटावलं. आपल्या घरात खोटं बोलायला मीच एकटी आहे असं समजू नकोस.

ताई

१२ मार्च

बारक्या,

सगळं ठीक आहे, म्हणजे तसंच आहे.

तपासणीचा कागद आला. त्या पाण्यात जंतू नाहीत. एकदा नाही, तीनदा तपासलं. डॉक्टर म्हणाले, "ही चांगलीच गोष्ट आहे." पण ते कागद उलटसुलट करत बसले होते. शेवटी म्हणाले, "जंतू नाहीत, मग पाणी का येतंय हे जरा बघावं लागेल." फोटो काढला. दांड्याच्या भोवतीचं हाड विरळ दिसतंय. दांडा म्हणजे सांध्याचा खालचा भाग, मांडीच्या हाडात ठोकून बसवतात तो. वितीएवढा असतो.

जंतू नाहीत हे ऐकून दुसऱ्या कुणीही सुटकेचा श्वास टाकला असता. मला घाम फुटला. का फुटला ते आज लिहीत नाही. खात्री नसताना लिहिणं आमच्या धंद्यात बसत नाही.

एक मात्र सांगते. डॉक्टरांनी आपल्याला दोन सांधे दाखवले होते. एक जुना, वीस वर्षं लोक वापरताहेत तो. दुसरा नवा, हलका. मी त्या नव्याचं खोकं हातात घेतलं आणि म्हटलं, "हा आमच्याकडूनच पास झालाय. मी स्वतः तपासलाय." डॉक्टर कौतुकाने हसले होते. "मग प्रश्नच मिटला," म्हणाले. तू तेव्हा खिडकीपाशी होतास, ऐकलं असशील. मी जरा मोठ्यानेच बोलले होते. छाती फुगली होती माझी.

तू उत्तर दे ना रे. एक ओळ दे.

ताई

२६ मार्च

बारक्या,

तुझं पार्सल आलं.

आईने ते मांडीवर घेऊन स्वतः उघडलं, मला कात्री लावू दिली नाही. काठी सुरेख झालीय. मुठीची पितळी गोळी इतकी गुळगुळीत, की आईने ती गालाला लावून बघितली. मला वाटलं, माझी पत्रं वाचून पाठवलीस. आनंदाने मी दोनदा नाक पुसलं. मग आई म्हणाली, तिनेच रविवारी तुझ्याकडे मागितली होती. "फिरायला जाताना जरा ऐट म्हणून." बरं, तसं तर तसं.

आत तुझी चिठ्ठी होती. आईच्या नावाने. "मूठ साबणाने धुवून मग वापर. लेथवरून उतरलेल्या वस्तूला तेल आणि पॉलिशचा मळ असतोच, दिसला नाही तरी."

आई म्हणाली, "धू गं हिला." मी मोरीत गेले, नळ सोडला, साबण घेतला. आणि हातातली मूठ तशीच धरून उभी राहिले. नळ वाहत होता. बाहेरून आई विचारत होती, "काय झालं? पडली का?"

बारक्या, आता सांगते. मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते हेच.

एकोणीस वर्षं आमच्याकडे कच्च्या चकत्या येत. कारखान्यातल्या सळईतून कापलेल्या, तेलकट, कडा खरखरीत. त्या धुवाव्याच लागतात. साबणाचं पाणी, मग तीनदा साधं पाणी, मग स्पिरिट. बाकीचे एकदा धुवायचे, मी दोनदा. साहेब नव्या माणसांना सांगायचे, धुणं शिकायचं असेल तर ताईंकडून शिका.

या नव्या सांध्याच्या चकत्या तशा नव्हत्या. त्या तयार मालाच्या होत्या. सांधे ज्या पॉलिशमधून आणि ज्या धुलाईतून जातात त्यातूनच गेलेल्या, सांध्यासारख्याच पाकिटात बंद. अशा चकत्यांना हात लावायचा नसतो. आमच्या भिंतीवर पाटीच आहे, नमुना असेल तसा घ्यावा. कारण प्रश्न नुसत्या धातूचा नसतो, धातूच्या अंगावर कारखान्याने काय ठेवलंय हाही प्रश्न असतो. पेशंटच्या अंगात तो सांधा जाताना मध्ये मी साबण घेऊन उभी नसते ना!

सोबतच्या कागदावर "तयार माल" असं लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही. पाकीट फोडलं, चकतीवर बोट फिरवलं. बोटाला काहीतरी लागलं. चिकट नाही, ओलं नाही, नुसतं बुळबुळीत. मला किळस आली आणि मी त्या धुतल्या. दोनदा. चकचकीत केल्या आणि मग तपासल्या. एकही पेशी मेली नाही. शून्य लिहिलं, खाली सही केली.

धुतल्याचं वहीत लिहिलंसुद्धा नाही. श्वास घेतला असं कुणी वहीत लिहितं का?

हे मला जंतू नसल्याचा कागद आला त्या दिवसापासून टोचत होतं. पण मी ते बाजूला सारत होते. तुझ्या चिठ्ठीनंतर ते सारता येईना. तू त्या दिवशी व्हरांड्यात काहीतरी तेलाबद्दल म्हणत होतास का रे? मी तुला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. काय म्हणत होतास ते मला आता कळव. मला ते ऐकायचंय.

ताई

६ एप्रिल

बारक्या,

आईच्या कपाटात दवाखान्याने दिलेलं कार्ड आहे. त्यावर सांध्याच्या लॉटचा नंबर चिकटवलेला असतो. मी तो हातावर पेनाने लिहून कामावर नेला आणि आमच्या नोंदवहीशी ताडून बघितला. नऊ आकडी नंबर. एकेका आकड्यावर बोट ठेवलं. सातव्या आकड्यापर्यंत मला वाटत होतं, चुकेल. नाही चुकला.

प्रत्येक नमुन्यातले थोडे आम्ही राखून ठेवतो. कपाटात त्या लॉटच्या तीन चकत्या होत्या, बंद पाकिटात. राखीव पाकीट परवानगीशिवाय फोडायचं नसतं. मी फोडलं. दोन चकत्या चिमट्याने उचलल्या, बोट लावलं नाही, तशाच बुडवल्या. तिसरी मी नेहमीसारखी धुतली.

चार दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. आईने विचारलं, "कुणाशी भांडलीस?" म्हटलं, भांडायला आहे कोण, एक होता तो निघून गेला. ती म्हणाली, "तू घालवलास." फार शांतपणे म्हणाली.

पाचव्या दिवशी बघितलं. धुतलेल्या चकतीच्या पेशी छान होत्या. लांबट, एकमेकींना चिकटून, ताटात भात पसरावा तशा. न धुतलेल्यांच्या एकाही ताटलीत एकही पेशी जागेवर नव्हती. सगळ्या गोल होऊन, तळ सोडून वर तरंगत होत्या. मी ताटली हलवली, त्या हलल्या. परत हलवली. जिवंत पेशी अशा हलत नाहीत, त्या धरून बसलेल्या असतात.

चार. दोन्ही वेळा चार.

ते तेल, तो पॉलिशचा मळ, जे काय असेल ते आईच्या मांडीच्या हाडात आहे. मी निवडून, खोकं हातात उंच धरून, माझ्या नावाची ग्वाही देऊन ते तिच्या हाडात ठोकायला लावलं. मी रोज सकाळी बाहेरची जखम धुते, बारक्या. कापूस, कोमट पाणी, पुन्हा कापूस. आणि आत जे आहे तिथवर माझा हात पोचत नाही.

तुला चीड येऊ दे. ये आणि बोल मला वाटेल ते. मी एक शब्द उलटून बोलणार नाही.

ताई

२१ एप्रिल

बारक्या,

साहेबांना सगळं सांगितलं. वही, ताटल्यांचे फोटो, लॉटचा नंबर, सगळं टेबलावर मांडलं. ते दुष्ट नाहीत रे. ते घाबरले. बराच वेळ चष्मा पुसत होते. मग पहिलं वाक्य काय, तर "राखीव पाकीट कुणाला विचारून फोडलंत?"

म्हटलं, "कुणालाच नाही."

"मग ही तपासणी झाली असं म्हणता येणार नाही, ताई."

"साहेब, पेशी मेल्या."

"मेल्या हो. पण कागदावर मेलेल्या नाहीत."

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, हे मात्र खरं. मी समोर बसून लिहून घेतलं. बारा दिवसांनी उत्तर आलं. त्यांची धुलाईची पद्धत त्यांनी गेल्या वर्षीच सुधारलीय, सध्याच्या मालात दोष नाही, जुन्या मालाची पाहणी चालू आहे, कळवल्याबद्दल आभार. सुधारली म्हणजे त्यांनाही काहीतरी कळलं होतं. त्या लॉटमध्ये किती सांधे होते, कुणाकुणाच्या अंगात आहेत, विचारलं तर ते गोपनीय आहे. मी वरच्या कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या बाईंनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "नंबर लागला की बोलावू." कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं. सगळे हो म्हणतात, आणि आईच्या मांडीतून पाणी येतच राहतं.

मला पेशींच्या खोलीतून काढून कागदांच्या खोलीत बसवलंय. चौकशी होईपर्यंत. माझ्या पेशींना आता दुसरं कुणी खायला घालतं. तक्रार नाही. मला बसवायलाच हवं होतं, एक वर्ष आधी.

डॉक्टरांनाही सांगितलं. आधी त्यांना वाटलं मी भ्रमले आहे. मग फोटो बघितले आणि जुन्या नोंदी काढल्या. त्या लॉटचे आणखी चार सांधे त्यांनी बसवलेत. त्या चौघांना ते बोलावून घेणार आहेत.

आईचं असं आहे. सांधा काढायचा तर मांडीचं हाड उभं चिरावं लागेल. चार तासांचं काम. तिच्या हृदयाचं पंपिंग या वर्षभरात तीस टक्क्यांवर आलंय, भूल झेपेल याची ते हमी देत नाहीत. नाही काढला तर दांडा सैल होत जाणार, हाड विरघळत जाणार, कधीतरी चालता चालता मोडणार. "दोन्हींतलं कमी वाईट कोणतं, ते तुम्ही घरच्यांनी ठरवा," म्हणाले. घरचे म्हणजे कोण? मी एकटीने एकदा ठरवलं होतं. मला आता काहीही ठरवायचा हक्क नाही. सकाळी कोणती साडी नेसायची तेही ठरवता येत नाही मला.

आईला एवढंच सांगितलंय की सांधा नीट बसला नाही, काढावा लागेल किंवा राहू द्यावा लागेल. ती म्हणाली, "बारक्याला विचार. तो म्हणेल तसं."

म्हणून विचारतेय. काढायचा की ठेवायचा?

ताई

४ मे

बारक्या,

उत्तर नाही. पत्रही परत आलं नाही.

आज आईला खरं सांगितलं. जखम धुता धुताच सांगितलं, म्हणजे तिच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. चकत्या, बुळबुळीत बोट, साबण, शून्य, चार. मध्ये दोनदा थांबले. तिने "हं, मग?" असं विचारलं, जशी तू शाळेतल्या मारामाऱ्या सांगायचास तेव्हा विचारायची.

संपल्यावर मी कापूस बादलीत टाकला आणि म्हटलं, आई, शिव्या घाल, चार थोबाडीत मार, काहीतरी कर.

तिने माझा ओला हात ओढून स्वतःच्या पदराला पुसला. म्हणाली, "अगं, धुवायला मीच शिकवलं ना तुला."

मला ते सहन झालं नाही. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. छप्पन्न वर्षांची घोडी. बाहेरून ती ओरडतेय, "पाणी किती वाया घालवशील!"

नंतर तिने मला शपथ घातली. फोनवर तुला यातलं काही सांगायचं नाही. "तो तिकडे मशीनवर उभा असतो, बोटं जातील त्याची." म्हटलं, मी पत्रांत सगळं लिहिलंय त्याला. तिचा चेहरा पडला. मग म्हणाली, "लिहिलंयस? मग रविवारी काही बोलत कसा नाही तो?"

तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. मला वाटलं, तुझा राग अजून उतरलेला नाही. इतकं कळूनही उतरला नाही याचं वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. कुणीतरी रागावायला हवंच होतं माझ्यावर.

ताई

११ मे, रविवार

बारक्या,

आज तुझा फोन आला तेव्हा आईला ताठ बसता येईना. कालपासून पाय उचलता येत नाही. तिने फोन माझ्या हातात दिला आणि माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. शपथेची आठवण म्हणून.

मी "हॅलो" म्हटलं. वाटलं, कट करशील. तू केला नाहीस. मागे मशीनचा आवाज येत होता. मग वर्षभरात पहिल्यांदा तू माझ्याशी बोललास.

"आई कुठंय?"

"आहे इथंच. झोपलीय जरा."

"काठी वापरते का?"

"वापरते."

"चालते ना आता मस्त? गेल्या रविवारी म्हणाली, बागेपर्यंत जाऊन आली."

मग तूच म्हणालास, "ताई, मी उगाच आडवा आलो तेव्हा. तुझं बरोबर होतं. तूच तिला पायावर उभी केलीस. पत्रं आली तुझी. उघडली नाहीत. वाटलं, परत माझा उद्धार केला असशील. ठेवलीत सगळी नीट. येईन तेव्हा समोर बसून वाचू, हसू."

मनगटावर आईची नखं रुतली होती.

"बरं," मी म्हटलं. "सगळं ठीक आहे."

तू "बरं, ठेवतो" म्हणालास आणि ठेवलास.

सहा पाकिटं. सात, परवाचं धरून. एकही उघडलेलं नाही. मी इतके महिने ज्याच्याशी बोलत होते, ज्याच्यापुढे मान खाली घालून उभी होते, ज्याला काढू की ठेवू विचारत होते, तो तिथे नव्हताच. तू तिकडे मला मनातल्या मनात माफ करून मोकळा झालास, आणि कशाबद्दल ते तुला ठाऊकही नाही. वर म्हणतोस, तुझं बरोबर होतं! शिवी दिली असतीस तर परवडलं असतं.

आणि मी कोणाला लिहितेय हे आता? हेही तू त्या ढिगावर ठेवशील. हे पाकीट मी टाकणार नाही.

१२ मे
(उघडं कार्ड)

बारक्या,

कार्डावर लिहितेय, म्हणजे उघडायला नको. पोस्टमन वाचेल, तुझ्या कारखान्यातले वाचतील, वाचू देत.

आई चालत नाही. कधीच नीट चालली नाही. तिच्या खुब्यातल्या सांध्यावर कारखान्याचं तेल राहिलं होतं. ते पकडणं माझं काम होतं. मी चकत्या धुवून तपासल्या आणि पास केल्या. माझीच चूक. हाड विरघळतंय. सांधा काढला तर ती ऑपरेशनच्या टेबलावरच दगावू शकते, ठेवला तर अशीच झिजत जाईल. ती म्हणते, तू सांगशील तसं. मला ठरवता येत नाही.

बाकीची पत्रं मग वाच, किंवा वाचू नकोस. कपडे बदलू नकोस, हात धूत बसू नकोस, मशीन बंद कर आणि असशील तसा ये.

ताई